चिंतूला कोणी उचललं होतं

घिवली, ८ फेब्रुवारी

दादा,

मोबाईलवर तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, म्हणून कागद घेतला. तुझा गुजरातेतला, दहेजचा पत्ता वर्षावहिनीनं दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी फारच मागे लागले. आपल्या धाकट्या चिंतूच्या हळदीच्या दिवशी तू जेवणाचं ताट तसंच ठेवून निघून गेलास, त्यानंतर आपण बोललेलो नाही. त्या दिवसाबद्दल आज काही लिहीत नाही. काम वेगळं आहे.

परवा गावच्या ग्रुपवर तू एक मेसेज टाकलास. पोरं पळवणारी टोळी गुजरातच्या बाजूनं खाली उतरलीय, चादरी-भांडी विकायच्या निमित्तानं गावात शिरतात, पोरांना सांभाळा. आणि खाली तुझी स्वतःची ओळ : 'इकडे सगळे बोलतायत. खात्रीची बातमी.' दादा, तुला तो कोणी पाठवला? तू पाहिलंस का कोणाला?

दुसऱ्या कोणी टाकला असता तर लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकून सोडून दिला असता. पण तू बाहेर नोकरीला असलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्यात आपल्या घरात ते झालेलं. विहिरीवर सुगंधाकाकी म्हणाली, "नीलेश उगाच नाय बोलणार. त्यांच्या चिंतूला उचलला व्हता ना." बायकांनी माना हलवल्या आणि पोरांना हाका मारायला सुरुवात केली.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे, हे तरी तुला ठाऊक असेल. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करते. एकाचा हात धरला की दुसरं पदर धरतं, अशी आमची आगगाडी निघते. काल निम्मी आली नाहीत. आज एका आईनं पोराला दाराआड ओढून मला सांगितलं, "राहूदे तेजल, चार दिस जाऊंदे." मला! तिचं थोरलं पोर माझ्याच मांडीवर मऊ भात खायला शिकलं.

आणि चिंतू. कंपनीतून आला की अंघोळसुद्धा न करता गावातल्या तरुण पोरांना घेऊन फाट्यावर उभा राहतो. पहिल्या दिवशी हातात काही नव्हतं. आता काठ्या आहेत. पोरं त्याला विचारतात, "चिंतूभाऊ, तुला कसा उचलला ते सांग ना," आणि तो सांगतो. बाबा सांगायचे अगदी तसंच. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं बाबांचं.

एक ओळ टाक ग्रुपवर. 'ती बातमी खोटी निघाली.' एवढंच. तुझं ऐकतील.

तेजल


घिवली, १४ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं असेल. वहिनीनं दारातून घेतलं म्हणाली. तुझी ओळ काही आली नाही.

काल फाट्यावर भंगार वेचणाऱ्या एका बाईला अडवलं. तिचं पोतं रस्त्यात उलटं केलं. बाटल्या, फाटक्या चपला, एक बाहुलीचं डोकं. त्या डोक्यावरून मोठा गोंधळ झाला. हे तुझ्याकडे कसं आलं, कोणत्या पोरीचं आहे? ती हिंदीत काहीतरी सांगत होती, तर हिंदी बोलते म्हणून आणखी दोघे पुढे आले. शेवटी तारापूरहून येणाऱ्या रिक्षावाल्यानं तिला ओळखलं आणि गाडीत घालून नेलं.

चिंतू माझ्याकडे जेवायला आला तेव्हा हे सगळं त्यानंच सांगितलं. मी ताट वाढत होते.

"कोणी हात नाय लावला तिला, ताई. फक्त विचारलं."

"मग रडत का होती?"

"घाबरली." त्यानं भात कालवला. "खरी असती तर कशाला घाबरली असती?"

माझी पूर्वी तिथेच बसली होती. सात वर्षांची आहे लेक, तुला वाटत असेल अजून रांगते. मामाच्या तोंडाकडे बघत घास तसाच हातात धरून बसली होती. रात्री माझ्या कुशीतून उठून दाराची कडी बघून आली. हे बोटीवर गेलेत. घरात आम्ही दोघीच.

दादा, मला तो मेळा आठवतोय. तुला आठवत नाही असं होणार नाही, पण मला जे आठवतं ते लिहिते.

आई बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसली होती. बाबा जाळ्यासाठी दोर बघायला गेले. जाताना तुला म्हणाले, "दोघांचे हात सोडायचे नाहीत." तू बारा वर्षांचा, मी सहा, चिंतू चार. पलीकडच्या मैदानात मेळा लागलेला. मौत का कुआमधल्या मोटरसायकलचा आवाज जमिनीतून पायांत यायचा. तू आम्हाला उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभं केलंस आणि म्हणालास, "इथून हलू नका, मी आलोच." त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोटरसायकल फिरताना कोणत्या पोराला बघावीशी वाटणार नाही?

हललो आम्हीच. चिंतूला उड्या मारणारं खेळण्यातलं माकड विकणारा दिसला आणि तो सुटला. मी त्याच्या मागे. मग चारी बाजूंनी फक्त कंबरा आणि पिशव्या. पिशव्या तोंडावर आपटत होत्या. मागे वळले तर रसाची गाडी कुठल्या बाजूला होती तेच कळेना. चिंतू एवढ्या जोरात रडला की त्याला उलटी झाली.

तेव्हा तो माणूस खाली बसला. कंपनीचा निळा शर्ट. त्याच्या अंगाला औषधासारखा वास येत होता. त्यानं रुमालानं चिंतूचं तोंड पुसलं. "कोण हरवलंय, तुम्ही का दादा?" असं विचारलं. मला हसू आलं होतं, इतकं आठवतं. मग त्यानं चिंतूला खांद्यावर घेतलं. का घेतलं माहीत आहे? "वरून बघ, तुझा दादा दिसतो का," म्हणाला. मला बोट दिलं. दोघांना काळाखट्टा गोळा घेऊन दिला, आणि आम्ही त्या मंडपाकडे निघालो जिथून हरवलेल्या पोरांची नावं भोंग्यावर पुकारत होते.

आज इथेच थांबते. पुढचं लिहायला लावू नकोस.

तेजल


घिवली, १९ फेब्रुवारी

दादा,

मला उत्तर दिलं नाहीस, पण चिंतूला फोन केलास. तो येऊन मला म्हणाला, "दादा बोलतो, ताईचं डोकं ठिकाणावर नाय, तिच्याकडे लक्ष देऊ नको."

मग मी त्याला सगळं सांगितलं. हळदीच्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुला म्हटलं होतं, 'सांग ना त्याला खरं काय ते', आणि तू उठून गेलास. इतकी वर्षं वाटायचं, हे तूच सांगायला हवं. पण आता हातात काठी घेतलेला भाऊ समोर उभा होता, म्हणून मीच सांगितलं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला.

"ताई, तू तवा केवढी व्हतीस? सहा वर्षांची. दादा मोठा व्हता. दादाला म्हाईत का तुला?"

"मी तिथेच होते, चिंतू. त्याचं बोट धरून होते."

"तेच तर बोलतो मी. तुला पण फसवली त्यानं."

त्याला जे सांगितलं ते तुला लिहिते. नसलेलं काही घातलेलं नाही, तूच ताडून बघ.

खांद्यावरून चिंतूनंच तुला पाहिलं. "दादा!" म्हणून ओरडला. तू धावत आलास. तोंड पांढरं पडलेलं. तो माणूस हसला. त्यानं चिंतूला खाली ठेवलं, त्याचा हात तुझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घे रे बाबा, सांभाळ. माझाच जीव घाबरला होता." तू हात धरलास. दादा, तिथे ते संपलं होतं. आपण तिघे आईकडे गेलो असतो आणि चार दिवसांत विसरलोही असतो.

तेवढ्यात बाबा दिसले. माणसं बाजूला सारत येत होते. त्यांचा तो चेहरा आपल्याला चांगलाच माहीत होता, मारायच्या आधीचा. कोणीतरी विचारलं, काय झालं, पोरं का रडतायत. आणि तू बोट दाखवलंस. "यानं आमच्या हातातून ओढून नेलं."

मी म्हणाले, "नाय, काकांनी गोळा दिला."

एका बाईनं तेवढंच ऐकलं. "बघा! गोळा देऊन फूस लावली पोरांना!"

मी खरं बोलले आणि त्याचाच त्यांनी पुरावा केला. पहिला हात बाबांचा पडला. मग माणसं इतकी झाली की मला फक्त एक निळी बाही दिसत राहिली, वर यायची, खाली जायची. मग तीही दिसेना. आईनं येऊन माझे डोळे झाकले.

तो जगला की गेला, आपल्या घरात कोणी कधी विचारलं नाही. बाबा मरेपर्यंत ती गोष्ट सांगत राहिले आणि दर वेळी तू जेवणावरून उठून जायचास. मी ते बघत होते.

तुझ्या गळ्यात दोरी अडकवायला हे लिहीत नाही. तू पोर होतास आणि बाबांचा पट्टा खरा होता. पण आता तू चाळिशीचा आहेस, आणि चिंतूला तुझ्याशिवाय कोणाचंच पटत नाही. त्याला फोन कर. एकदा गर्दी जमली की कोण खरं बोलतं याला काही अर्थ उरत नाही, ते मी पाहिलंय. त्याच्या आधी बोल. फाट्यावर आता दिवसासुद्धा पोरं बसायला लागलीत. कामावर न जाता बसतात.

तेजल


घिवली, २७ फेब्रुवारी

दादा,

व्हिडिओ तू पाहिला असशीलच. तो कुठून कुठे गेलाय. पण व्हिडिओ मधूनच सुरू होतो. त्याच्या आधीचं मी लिहिते.

मंगळवारी बोटी लागायच्या होत्या. किनाऱ्यावर मासळी घ्यायला माणसं जमलेली, टेम्पो उभे, बोईसरच्या बायका टोपल्या घेऊन आलेल्या. पूर्वीची शाळा लवकर सुटली, मला कोणी कळवलं नाही. तिला वाटलं तिचे बाबा आले असतील, म्हणून ती एकटीच किनाऱ्याकडे गेली. मी घरी आले तर दप्तर ओट्यावर आणि पोर नाही.

शेजारी विचारलं. शाळेत गेले. मग किनाऱ्यावर. त्या गर्दीत मी तिच्या नावानं हाका मारत फिरत होते आणि जो तो माझ्याकडे वळून बघत होता. कोणीतरी म्हणालं, "तेजलची पोरगी मिळत नाय." ते बोलणं माझ्या पुढे धावत गेलं. मी जाईन तिथे लोकांना आधीच माहीत असायचं.

सुरूच्या झाडांपाशी एक मोटरसायकल उभी होती. मागे पेटी आणि भोंगा, कुकर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांचा असतो तसा. सीटवर पूर्वी बसलेली. रडून चेहरा सुजलेला. पाय रक्तानं भरलेला, आणि एक अनोळखी माणूस तो पाय मांडीवर धरून बसला होता.

दादा, पहिली किंकाळी माझी होती. व्हिडिओत ती नाही. मी ओरडले, "चिंतू!" म्हणून. देवाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. मला माहीत होतं त्याच्या हातात काठी आहे.

त्या माणसानं वर बघितलं आणि त्याच्या तोंडावर हायसं वाटल्यासारखं हसू आलं. पूर्वीला म्हणाला, "बघ, आली का नाई तुझी माय?"

तोवर पोरं पोचली होती.

मी जवळ गेले तेव्हा दिसलं. पायाला कपडा बांधलेला, नीट, दोन पदरी. खाली फुटकी बाटली पडलेली. पूर्वी म्हणत होती, "आई, काच लागली." मी ओरडले, "थांबा! त्यानं पट्टी बांधलीय! पोरीला काच लागलीय!"

मागून कोणाचा तरी आवाज आला, "पळू नये म्हणून पाय कापला पोरीचा!"

मी त्याच्या अंगावर पडले. एक काठी माझ्या पाठीवर बसली, कोणाची ते मी बघितलं नाही. चिंतूनं दंडाला धरून मला बाजूला ओढलं. अगदी मायेनं, दादा. "ताई, तू सर. तू आई हायस, तुला नाय बघवणार."

यांची बोट तेवढ्यात लागली म्हणून तो माणूस वाचला. हे आणि दोन खलाशी गुडघाभर पाण्यातून धावत आले आणि त्याच्याभोवती पाठ करून उभे राहिले. पोलीस येईपर्यंत तसेच उभे होते. यांचीही कॉलर फाटली. त्याचं नाव आनंदा. परभणीकडचा. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतो. कोपर मोडलंय. डाव्या कानानं ऐकू येत नाही, ते येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत.

चिंतूला आणि आणखी तिघांना धरून नेलंय. ठाण्यात मी बाहेर बाकावर होते. आतून त्याचा आवाज येत होता. "साहेब, मला लहानपणी उचललेला. ही माणसं मला ओळखू येतात."

आता तुला काही म्हणायला मला तोंड नाही. किंचाळताना मला मेळा आठवला नाही, निळा शर्ट आठवला नाही. मी चौतीस वर्षांची आहे आणि मला काहीच आठवलं नाही. तू तर बारा वर्षांचा होतास.

तू ये. मेसेज नको, फोन नको. ये.

तेजल


घिवली, २३ मार्च

दादा,

तू आलास, आठ दिवस होऊन गेले. चिंतू जामिनावर सुटला त्याच दुपारी तू त्याला परसात घेऊन गेलास. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखाली तुम्ही दोघे बसला होतात, मी स्वयंपाकघरातून बघत होते. ऐकू येत नव्हतं, पण तू कुठवर पोचलास ते तुझ्या खांद्यांवरून कळत होतं. तू रडलास. चिंतूनं तुला जवळ घेतलं. नंतर तू ग्रुपवरचा मेसेज काढलास, माझ्या हातचं जेवलास, पूर्वीच्या डोक्यावर हात ठेवलास. रिक्षात बसताना तू मला "तेजू" म्हणालास. किती वर्षांनी.

पुढचं तुला कळवू नये असं हे म्हणतात. पण आपल्या घरात न कळवण्यानंच सगळं झालंय.

त्या संध्याकाळी मी चिंतूला विचारलं, "आता तरी पटलं?"

तो ओट्यावर बसून पाय हलवत होता. म्हणाला, "दादा माझ्यासाठी खोटं बोलतो, ताई."

"म्हणजे?"

"वकिलानं शिकवला असेल. नाय तर मला वाईट वाटू नये म्हणून बोलला. सगळं स्वतःवर घेतलं त्यानं. तवा पण त्यानंच वाचवला मला, आता पण तोच वाचवतो." त्याचे डोळे भरून आले होते. "असा भाऊ कोणाला मिळतो?"

मी पुष्कळ बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरचा वळ दुखतो का म्हणून विचारलं.

फाट्यावर पोरांनी त्याच्या फोटोचा बॅनर लावलाय. तू मेसेज काढलास, पण लोकांनी तो आधीच पुढे पाठवलेला होता. सफाळ्याहून माझ्या नणंदेला आला, त्यात आता घिवलीचं नाव आहे : घिवलीत टोळीतला एक पकडला, मुलगी थोडक्यात बचावली. सुगंधाकाकीनं तो मला वाचून दाखवला. जणू मी तिथे नव्हतेच.

पोरं पुन्हा फाट्यावर उभी राहतात. चिंतू जामिनावर आहे म्हणून जरा मागे उभा राहतो, एवढाच फरक.

खरं सांगायचंय ते माझ्या पूर्वीबद्दल. परवा अंगणवाडीत आली होती. बारकी पोरं तिच्याभोवती गोल करून बसली. मी आत खिचडी ढवळत होते. तिचा आवाज आला, "मग त्यानं मला गाडीवर टाकली. मग मामा आला." मध्येच आवाज खाली आणला. पोरं श्वास रोखून बसली होती. मी पळी टाकून बाहेर आले.

"पूर्वी, तुझ्या पायाला पट्टी कोणी बांधली?"

ती म्हणाली, "मामानं."

तिला ते खरंच तसं दिसतंय, दादा. महिनासुद्धा झालेला नाही.

म्हणून आज तिला घेऊन मी बोईसरला गेले. पोलिसांकडून आनंदाचा पत्ता घेतला होता. कंपन्यांच्या मागे चाळ आहे, बाहेर ती मोटरसायकल उभी होती, भोंगा काढून ठेवलेला. मी ताजे पापलेट नेले होते. काय न्यावं तेच सुचत नव्हतं. वाटलं, तो समोर बसेल, पूर्वी त्याचा हात बघेल, आवाज ऐकेल, "काय गं बाळ, पाय बरा झाला का" असं तो विचारेल आणि तिला सगळं आठवेल.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. मागे पूर्वीएवढा एक मुलगा तिचा पदर धरून उभा होता. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "घिवलीहून आलोय."

तिनं मुलाला आत ढकललं आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला. मग आतून काहीतरी जड ओढून दाराशी लावल्याचा. मी दोनदा हाक मारली. आत मुलगा रडायला लागला, तेव्हा थांबले.

पूर्वी दाराकडे बघत होती. पापलेटची पिशवी तिनंच धरली होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "ते आपल्याला घाबरले?"

मी हो म्हणाले.

तेजल